खुर्च्या मोजू नका, हेलपाटे मोजा

सरकारी कचेऱ्यांच्या जागेबद्दल सध्या एक युक्तिवाद फार ठामपणे मांडला जातो. कार्यालयातल्या निम्म्या खुर्च्या दिवसभर रिकाम्या असतात, दाखले आणि उतारे मोबाइलवर मिळू लागले आहेत, तेव्हा एवढ्या जागेची गरजच उरलेली नाही. करोनानंतर खासगी कंपन्यांनी टेबलं मोजली, मजले सोडून दिले, भाडं वाचवलं. मग सरकारनंही तसंच करावं. कोणत्या खुर्चीवर कोण किती वेळ बसतं ते यंत्रानं टिपावं, आकडा सांगेल तशी जागा कापावी, आणि उरलेली सगळी खाती एका मोठ्या इमारतीत आणून बसवावीत.

यातलं मोजण्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडे कचेरी कुठे असावी, किती मोठी असावी, तिथे माणसं किती वेळ ताटकळतात, याचा हिशेब कुणी मांडत नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे लोणावळ्याची लोकसंख्या अजून कागदावर २०११ मधली सुमारे ५७ हजार आणि तळेगाव दाभाड्याची सुमारे ५६ हजार धरली जाते. या आकड्यांवर पुढच्या तीस वर्षांच्या इमारती आखल्या जातात. अशा ठिकाणी मोजणी हवीच. पण मोजायचं काय, या प्रश्नावर हा युक्तिवाद साफ घसरतो, आणि त्याची किंमत मावळातल्या माणसाला मोजावी लागते.

मावळ तालुका नकाशावर पाहा. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तीन खोरी डोंगरांच्या सोंडांनी एकमेकांपासून तोडलेली आहेत. तालुक्याचं ठाणं वडगावला. तहसील, पंचायत समिती, न्यायालय तिथे. पुणे-लोणावळा लोहमार्गावर तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा ही स्टेशनं एका ओळीत येतात आणि त्या पट्ट्यातल्या माणसाला लोकल धरून वडगावला येता येतं. पण कुसूर, खांड, सावळे, जांभवली, मोरवे, तुंग इथल्या माणसाला आधी खोऱ्याबाहेर पडावं लागतं. एसटीच्या वेळा सांभाळायच्या, नाही मिळाली तर जीप, मग पुढचं वाहन. दुपारी लोकल विरळ होतात, म्हणून काम दीड वाजता झालं तरी परतीचा प्रवास संध्याकाळपर्यंत लांबतो. रोजंदारीवरच्या बाईचा त्या दिवसाचा पगार बुडतो. हे सगळं करून ती कचेरीच्या दारात पोहोचते, तेव्हा तिला ऐकू काय येतं? ‘भाऊसाहेब आज येणार नाहीत.’ ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ ‘सर्व्हर डाऊन आहे.’ ‘एक कागद कमी आहे, तो घेऊन परवा या.’ हा हेलपाटा कुठल्याही वहीत नोंदला जात नाही. खुर्चीखाली बसवलेल्या यंत्रालाही तो दिसणार नाही.

रिकामी खुर्ची म्हणजे न झालेलं काम, ही समजूत महसूल खात्याला लावणं तर अन्यायच आहे. तलाठ्याचं, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकाऱ्याचं, निम्मं काम खुर्चीबाहेर असतं. पंचनामा बांधावर होतो. पीक पाहणीची खातरजमा शेतात होते. एका सजेत अनेक गावं, त्यामुळे एका गावात हजर असणं म्हणजे बाकीच्या गावांत गैरहजर असणं, हे ओघानं आलंच. पावसाळ्यात तर सगळा तालुकाच आपत्ती व्यवस्थापनाच्या कामाला लागतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला, त्यात चार जणांचा जीव गेला. तो रविवार होता. कचेरीतली प्रत्येक खुर्ची त्या दिवशी रिकामी होती आणि महसूल, पोलीस, एनडीआरएफ, स्थानिक बचाव पथकं नदीकाठी उभी होती. खुर्चीवरून कामाचा अंदाज बांधणाऱ्यांनी त्या रविवारचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा ते सांगावं.

यावर उत्तर येतं की त्यासाठीच आता फेस ॲप आहे. २०२५ मध्ये महसूल विभागानं कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणाहूनच चेहऱ्याची ओळख पटवून हजेरी लावावी असा आग्रह धरला. मुख्यालयी न राहणाऱ्यांना त्यानं चाप बसत असेल तर उत्तमच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हजेरी वेगळी आणि जागेचा वापर वेगळा. भाऊसाहेब सकाळी सजेच्या गावात होते, एवढंच हजेरी सांगते. त्या दिवशी किती माणसं आली, किती जणांना बसायला जागा मिळाली, किती जणांचं काम झालं, किती जण परत गेले आणि का गेले, यातलं एकही अक्षर तिच्यात नाही. हजेरीचा आकडा जागेच्या नियोजनाला वापरला, तर जी खोली लोकांनी खचाखच भरलेली आहे तीही कागदावर ‘एक कर्मचारी, एक टेबल’ एवढीच दिसेल.

सरासरीचा घोळ तर याहून मोठा आहे. जागेच्या वापराचे अहवाल बहुतेक वेळा एका सरासरीवर येऊन थांबतात: अमुक टक्के खुर्च्या, अमुक टक्के वेळ. लोणावळ्यातल्या कुणालाही विचारा, भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याची वर्षभराची सरासरी काढली तर काय निघेल? तो रस्ता मोकळा आहे असं निघेल. जुलैतल्या एखाद्या रविवारी तिथे अडकलेल्या माणसाला ती सरासरी ऐकवून पाहा. कचेरीचंही तेच आहे. समजा अकरा ते एक या दोन तासांत बाकावर चाळीस माणसं आहेत आणि उरलेल्या सहा तासांत कुणी नाही. सरासरी आली दहा. त्या दहाच्या हिशेबानं बाकं ठेवली, की तीस माणसं रोज व्हरांड्यात उभी राहणार. लोणावळा-मावळातला पाऊस लक्षात घेतला तर ती व्हरांड्यातही राहणार नाहीत, पागोळ्यांखाली भिजणार आणि हातातले कागदही भिजवणार.

आणि मोजणी कोणत्या महिन्यात करणार? मावळ हा भाताचा मुलूख आहे. इंद्रायणी तांदळाचं वाण १९८७ साली वडगावच्याच भात संशोधन केंद्रातून बाहेर पडलं. जुलैत लावणी चालू असते, तेव्हा खोऱ्यातला शेतकरी घरचं लग्न टाळेल, मग तहसील कुठे धरून बसलात. त्या महिन्यात पाहणी केली तर कचेऱ्या ओस दिसतील आणि अहवाल म्हणेल, जागा जास्त झाली. तीच पाहणी दहावी-बारावीच्या निकालानंतर करा. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, नॉन क्रिमिलेअरचा दाखला हवा असलेली मुलं आणि त्यांचे आईबाप दाराबाहेरपर्यंत उभे असतात, आणि प्रवेशाची मुदत डोक्यावर असते. भाताची झोडणी उरकल्यावर वाटण्या, वारस नोंदी, मोजणीचे अर्ज यांना जोर येतो. मार्चअखेरीची गर्दी आणखी निराळी. एका महिन्याच्या मोजणीवर दहा वर्षांचा निर्णय घेणाऱ्याला मावळातलं वर्ष कसं फिरतं हेच ठाऊक नाही, असं म्हणावं लागतं.

महिन्यांसारखेच वारही महत्त्वाचे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढली. संध्याकाळचा तो वाढीव वेळ कुणाच्या उपयोगी पडतो? खांड-कुसूरच्या माणसाला परतीची गाडी गाठायची असते, त्याच्या दृष्टीनं सव्वासहा म्हणजे रात्रच. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा तिथे कामाला जाणारा मावळातला तरुण आपली सरकारी कामं गुरुवारी काढणार. लोणावळ्यात बंगले घेतलेले मुंबईकर शनिवार-रविवारी येतात, तेव्हा कचेऱ्यांना कुलूप असतं. खरोखरच गुरुवारी गर्दी दुप्पट होते का, सायंकाळी पाचनंतर कुणी येतं का, हे माहीत असायला हवं. माहीत झालं तर गुरुवारी एक खिडकी जास्त उघडता येईल, महिन्यातला एखादा शनिवार लोणावळ्यासाठी राखता येईल. खुर्च्यांच्या मोजणीतून यातलं काहीही हाती लागत नाही.

‘आता सगळं ऑनलाइन आहे’ हा दुसरा मुद्दा. त्यात तथ्य आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. ज्या उताऱ्यासाठी पूर्वी तलाठ्याची वाट पाहण्यात दिवस जायचे, तो आता मिनिटांत मिळतो. लाखो हेलपाटे यानं वाचले. पण त्यामुळे कचेरीत उरलं काय, हे कुणी पाहिलं आहे? सोपं काम मोबाइलवर गेलं, अवघड काम मागे राहिलं. मावळात जमिनीचे भाव द्रुतगती मार्गानंतर जसे चढले, तसे वादही चढले. वारसाची नोंद, हरकत घेतलेला फेरफार, बहिणींचा हक्क, हद्दीची तक्रार, रस्त्याचा वाद. मंडल अधिकाऱ्यासमोर किंवा तहसीलदारासमोर सुनावणी असते तेव्हा एक अर्जदार येत नाही. दोन्हीकडचे भाऊबंद येतात, वकील येतो, म्हातारी आई येते, कडेवर मूल घेतलेली सून येते. पूर्वी एक माणूस पाच मिनिटांसाठी यायचा. आता आठ माणसं तीन तासांसाठी येतात. येणाऱ्यांची संख्या घटली म्हणून जागा कमी करणारा माणूस नेमकी तीच खोली काढून टाकेल जिची गरज वाढलेली आहे. खिडक्या कमी चालतील. बसायची, बोलायची, कागद पसरून पाहायची जागा वाढवायला हवी. शिवाय डोंगराआडच्या गावांत मोबाइलला रेंज मिळत नाही, ओटीपी येत नाही, आणि तिथला माणूस ‘ऑनलाइन’ म्हणजे कामशेतच्या किंवा टाकव्याच्या एखाद्या केंद्रावर पैसे देऊन अर्ज भरणं असंच समजतो. त्याचा तो हेलपाटा कचेरीतून उठून बाजारपेठेत गेला, इतकंच.

तिसरा उपाय म्हणजे मोठी नवी इमारत. सगळी खाती एका छताखाली, काचेचा दर्शनी भाग, लिफ्ट. एका छताखाली येण्याचा फायदा असतो, तो मी नाकारत नाही. प्रश्न आराखड्याचा आहे. आपल्या सरकारी इमारतीत जागेचं गणित पदाच्या दर्जावरून मांडलं जातं. साहेबांच्या दालनाला इतकी, त्याखालच्या अधिकाऱ्याला इतकी, कारकुनाला इतकी. बाहेरून येणाऱ्या माणसाचा दर्जा या उतरंडीत कुठेच नसतो, म्हणून त्याच्या वाट्याला उरलेला जिना आणि बोळ येतो. इमारत कितीही मोठी करा, हे गणित बदललं नाही तर बोळ फक्त लांब होईल.

जागा वापरायची कशी, हे महाराष्ट्राला कंपन्यांकडून शिकायची गरज नव्हती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्याच कचेरीत ते करून दाखवलं. दप्तरांचे ढीग उपसले, कागदांची वर्गवारी केली, टेबलांची मांडणी बदलली, कोणतं काम कोणत्या पायऱ्यांनी होतं ते लिहून काढलं. कागदपत्रांच्या वर्गवारीचा नियम सरकारी कार्यपद्धतीत आहेच: ‘अ’ वर्गातला कागद कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘ड’ फक्त एक वर्ष. पण मुदत संपलेला ‘ड’ कागद काढून टाकायला कुणी बसत नाही, आणि माणसाच्या जागेवर गठ्ठे बसतात. पुढे चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागीय आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम चालवली, तिचाही पाया हाच होता: टेबलावर साचलेलं आधी मोजा, मग उपसा. या दोन्ही प्रयोगांत कुणाच्या खुर्चीखाली यंत्र नव्हतं. काम कुठे अडतं, याचा शोध होता. नव्या इमारतीची निविदा काढण्याआधी जुन्या इमारतीत किती चौरस फूट जागा मुदत संपलेल्या कागदांनी अडवली आहे, एवढं जरी एखाद्या तालुक्यानं जाहीर केलं, तरी बऱ्याच निविदा थांबतील.

अलीकडची शंभर दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम मला या दिशेचं पाऊल वाटलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेच्या सात कलमांत स्वच्छता होती, तक्रार निवारण होतं, कार्यालयातल्या सोयीसुविधा होत्या. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे दिलं होतं. त्यानं अनेक कचेऱ्यांचे कोपरे उजळले, हे खरं. परंतु अशा तपासणीत प्रश्न ‘आहे का?’ असा असतो. पाण्याची सोय आहे का, प्रतीक्षा कक्ष आहे का, स्वच्छतागृह आहे का. प्रतीक्षा कक्षात बाई किती वेळ बसली, तिच्यासाठीच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे होती, हे पुढचे प्रश्न. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, त्यानं सेवा किती दिवसांत द्यायची ते बांधून दिलं. तो मोठा कायदा आहे. मात्र त्याचं घड्याळ अर्ज स्वीकारल्यावर चालू होतं. अर्ज स्वीकारला जाण्याआधीचे तीन हेलपाटे त्या घड्याळात नाहीत, आणि मावळातल्या माणसाचा खरा वेळ तिथेच जातो.

खासगी क्षेत्राचा दाखला देणाऱ्यांनी त्या दाखल्याची दुसरी बाजूही सांगावी. जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राच्या कचेरीत टेबलांखाली माणूस बसला आहे की नाही हे टिपणारी यंत्रं लावली गेली. पत्रकार खवळले आणि ती यंत्रं त्याच दिवशी काढावी लागली. तिथेही हेतू जागेचं नियोजन असाच सांगितला होता. हेतू कितीही शुद्ध असला तरी नाव लावलेला आकडा उद्या बदलीच्या, नोटिशीच्या कामाला येतो, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला कळतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नि:संदिग्धपणे सांगितलं आहे. म्हणून खोली मोजा, माणूस मोजू नका. त्या खोलीत अकरा वाजता किती जण होते, एवढी नोंद पुरे. कोण होते याची गरज नाही.

याउलट ‘मोजणी म्हणजे पाळत’ असं म्हणून सगळ्याच मोजणीला विरोध करणाऱ्या कर्मचारी बंधूंनाही माझं सांगणं आहे. मोजणी नसल्यामुळे सगळ्यांत जास्त नुकसान तुमचंच होतं. चार सजांचा भार एकावर आहे, सुनावणीला खोली नाही, पावसात दप्तर भिजतं, हे तुम्ही वर्षानुवर्षं तोंडी सांगता आणि वरचे ऐकत नाहीत, कारण तुमच्या बाजूनं आकडा नाही.

आणि ही मोजणी खर्चिकही नाही. मोजून शहाणं होण्याची परंपरा तर याच परिसरातली आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचं शेत अन् शेत तपासून १९१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून प्रवासी मोटारींच्या वाहतुकीपासून पुणे शहराच्या कुटुंबांपर्यंत पाहण्या केल्या. कागद, पेन्सिल आणि चालायची तयारी एवढ्यावर ते झालं. तळेगावचं इंद्रायणी महाविद्यालय, लोणावळ्याचं पुरंदरे महाविद्यालय इथल्या विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवडे, वर्षातून चार वेळा, वडगाव, तळेगाव, कामशेत, पवनानगर आणि लोणावळ्याच्या कचेऱ्यांत बसवा. दर तासाला प्रत्येक खोलीतली माणसं मोजायची. बाहेर पडणाऱ्याला नाव न विचारता पाच गोष्टी विचारायच्या: गाव कोणतं, काम कोणतं, या कामासाठी कितव्यांदा आलात, किती वेळ थांबलात, काम झालं नसेल तर कशामुळे. वर्षभरात जे हाती येईल त्यावरून आंदर मावळासाठी टाकव्याला आठवड्यातून एक दिवस सुनावणी ठेवायची की पवनानगरला कायमची खोली द्यायची, हे ठरवता येईल. वडगावच्या इमारतीत दालनं किती आणि बाकं किती, हेही ठरवता येईल. कदाचित काही जागा खरोखरच जास्त निघेल. निघू द्या, ती मग निर्धास्तपणे सोडता येईल.

तालुक्याच्या लोकप्रतिनिधींना, तहसील आणि पंचायत समितीला, लोणावळा आणि तळेगावच्या नगरपरिषदांना माझी मागणी साधी आहे. पुढच्या कोणत्याही कार्यालयीन इमारतीच्या आराखड्यावर सही करण्याआधी या पाच प्रश्नांची एका पूर्ण वर्षाची उत्तरं गोळा करा आणि ती वडगावच्या कचेरीच्या दारावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. आणि वाचणाऱ्या मावळवासीयांनो, ग्रामसभेत हा ठराव तुम्ही मांडा. तुमच्या हेलपाट्यांचा हिशेब तुम्ही मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.